बारा वाजून पंचावन्न मिनिटांबद्दल

पुरवणी जबाब
ग्रुनवोग पोलीस ठाणे, उत्तर नॉर्वे
गुरुवार, दि. १४ नोव्हेंबर २०१९, सकाळी १०.१५

मी हाल्वार तेनविक, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी (ग्रुनवोग ते स्कार्वोय या फेरीबोटीवर इंजिन-मिस्त्री), राहणार स्कार्वोय बेट, धक्क्यावरून वर गेल्यावर तिसरे घर. मला कोणी बोलावलेले नाही. आज स्वतःहून ठाण्यात आलो असून पोलीस अधिकारी बेरित सौरा यांच्यासमोर बसून सांगतो ते असे की,

वरील पत्त्यावर मी, माझी मुलगी सुनिवा, वय आठ महिने, आणि माझी सासू ओसे, वय ६८ वर्षे, असे तिघे राहतो. सासूबाईंचे स्वतःचे घर बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मुलीसाठी त्या मार्चपासून आमच्याकडे आहेत. माझी पत्नी योरिद, वय ३६ वर्षे, ही दि. १२ मार्च रोजी जिल्हा रुग्णालयात बाळंतपणानंतर मयत झाली. त्याबाबत मी दुसऱ्या दिवशी माझ्या राहत्या घरी जबाब दिला होता. त्यातले एक उत्तर खोटे आहे. ते दुरुस्त करायला आलो आहे.

योरिद गाडी चालवायला शिकवीत असे. ग्रुनवोगची बहुतेक तरुण मुले तिच्याच शेजारी बसून गाडी शिकलेली आहेत. माझी आणि तिची ओळख तशीच झाली. मी बोटीवरचा माणूस, तिशी आली तरी गाडी येत नव्हती. परीक्षेत दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा पास झालो तेव्हा ती म्हणाली, "आता मी तुझी शिक्षिका नाही. कॉफीला विचारायचं असेल तर आता विचार." हे या प्रकरणाशी संबंधित आहे का असे विचारल्यावरून सांगतो, की आहे.

लग्नाला नऊ वर्षे झाली होती. या मुलीआधी दोनदा दिवस राहून गेले होते. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

सोमवार दि. ११ मार्च रोजी सकाळी अकराच्या सुमारास योरिदचे पाणी गेले. साडेबाराच्या बोटीने आम्ही मुख्य भूमीवर आलो. गाडी मी चालवली. तिने वाटेत दोनदा आरशात बघायची आठवण करून दिली. दोनच्या सुमारास रुग्णालयात दाखल झालो. कळा येत होत्या पण काम पुढे सरकत नव्हते. असे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालले. सुईण तुर्दिस, वय अंदाजे ५८, या सकाळी सातपासून आमच्यासोबत होत्या. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

मंगळवार दि. १२ मार्च रोजी सकाळी दहा-सव्वादहाच्या सुमारास बाळाचे ठोके कमी होऊ लागले. तुर्दिस यांनी घंटा दाबली. वरिष्ठ डॉक्टर एगिल होल्टे आले. त्यांच्यासोबत डॉ. सिग्ने ब्रेवोल, वय अंदाजे ३०, या होत्या. त्या निवासी डॉक्टर असून बाळंतपण आणि स्त्रीरोग या विषयातल्या तज्ज्ञ होण्यासाठी तिथे शिकत होत्या. हे डॉ. होल्टे यांनी आम्हाला पहिल्याच वाक्यात सांगितले, लपवले नाही.

डॉ. होल्टे पत्नीला म्हणाले, "बाळ दमलंय. डोक्याला हवेने चिकटणारी वाटी लावून त्याला बाहेर यायला मदत करू. ही सिग्ने, तिचं तिसरं वर्ष आहे. तुझी हरकत नसेल तर वाटी ती लावेल, मी शेजारीच उभा असेन. हरकत असेल तर सरळ सांग, मी लावतो. कोणी रागावणार नाही."

मी म्हणालो, "तुम्ही असताना शिकाऊ कशाला?"

योरिद म्हणाली, "तू गप्प बस. दोनदा नापास झालेला माणूस बोलतोय." मग तिने डॉ. सिग्ने यांना विचारले, "किती वेळा केलंयस गं हे?"

"अकरा वेळा."

"एकटीने?"

"नाही. एगिल शेजारी असताना."

"मग ठीक. माझ्या शेजारी पोरं शिकायला बसतात तेव्हा मागचे लोक हॉर्न वाजवतात, शिव्या घालतात. कोणीच त्यांना रस्त्यावर येऊ दिलं नाही तर उद्या गाडी चालवणार कोण? कर तूच. हात थरथरतोय का?"

"थोडा."

"थरथरू दे. पहिल्या गिअरला सगळ्यांचाच थरथरतो."

सुईण तुर्दिस हसल्या. डॉ. होल्टेही हसले. मी हसलो नाही. परवानगी पत्नीने दिली, तिला तशी शुद्ध होती, कोणीही जबरदस्ती केली नाही. गावात याबद्दल वेगळे बोलले जाते, म्हणून हे स्पष्ट सांगतो.

डॉ. होल्टे हे डॉ. सिग्ने यांच्या उजव्या खांद्यामागे हात पाठीशी धरून उभे राहिले. ते हळू आवाजात सांगत होते, "ओढू नको. कळेबरोबर जा. आता. अजून. थांब, कळ गेली, सोड." त्यांनी शेवटपर्यंत हात पुढे आणले नाहीत. तिसऱ्या कळेला, म्हणजे सकाळी १०.५२ वाजता, मुलगी झाली. वजन ३४८० ग्रॅम. लगेच रडली. डॉ. सिग्ने यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, ते त्यांनी खांद्याला पुसले. डॉ. होल्टे म्हणाले, "रडायला नंतर वेळ आहे. वार बघ." वार पूर्ण आली. ती त्यांनी दोघांनी मिळून तपासली.

त्यानंतर टाके घालण्याचे काम होते. तेही डॉ. सिग्ने यांनी केले. डॉ. होल्टे वाकून बघत होते. दोन टाके झाल्यावर ते म्हणाले, "हे दोन्ही काढ. पुन्हा घाल. फार ओढून घेतलेस." डॉ. सिग्ने यांनी काढले आणि पुन्हा घातले. बधिर करण्याचे औषध दिलेले होते. तरीही योरिदने माझा हात दाबला. माझ्या मनात त्यावेळी जो राग आला तो मी बोललो नाही. तो तसाच राहिला. हे सांगणे गरजेचे आहे, कारण पुढचे त्यातून झाले.

साडेअकराच्या सुमारास ताट आले. भाजलेला ब्रेड, तपकिरी चीज, ज्यूस आणि बाळ झाल्याचा कागदी झेंडा. योरिदने झेंडा बाळाच्या टोपीत खोचला आणि मला फोटो काढायला लावला. ब्रेडचा अर्धा तुकडा खाल्ला. तिच्या आईला फोन केला. फोनवर ती म्हणाली, "आई, नाक तुझंच आलंय, बिचारीचं." तुर्दिस यांनी ११.३० आणि १२.०० वाजता पोटावर हात ठेवून तपासले. दोन्ही वेळा म्हणाल्या, "गर्भाशय घट्ट आहे, छान."

१२.२० वाजता तुर्दिस यांना शेजारच्या खोलीत बोलावणे आले. तिथेही एक बाई बाळंत होत होती. त्या जाताना म्हणाल्या, "अर्ध्या तासाने सिग्ने येऊन बघेल." डॉ. होल्टे तोपर्यंत दुसऱ्या एका बाईच्या शस्त्रक्रियेसाठी खालच्या मजल्यावर गेले होते.

१२.४० च्या सुमारास योरिद म्हणाली, "थंडी वाजतेय." मी तिच्यावर दुसरे पांघरूण घातले. ती म्हणाली, "जरा डोळे मिटते." बाळ माझ्याकडे होते.

१२.५५ वाजता दारावर टकटक झाली आणि डॉ. सिग्ने आत आल्या. वेळ नक्की कशी माहीत असे विचारल्यावरून सांगतो, की खोलीत समोरच्या भिंतीवर घड्याळ होते आणि मी त्याच्याकडेच बघत बसलो होतो.

त्या म्हणाल्या, "कशी आहे ती?"

मी म्हणालो, "झोपलीय."

"दोनच मिनिटं. पोटावर हात ठेवून बघते आणि नाडी बघते."

मी म्हणालो, "काल सकाळपासून डोळ्याला डोळा नाही तिच्या. झोपू द्या."

"हळूच करते. ती जागीही होणार नाही कदाचित. पांघरुणाखाली बघायला हवं."

त्यावर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवते. मी म्हणालो, "सकाळपासून तिच्यावर तुमचं शिकणं चाललंय. घाला, काढा, पुन्हा घाला. आता पुरे झालं. हात लावायचाच असेल तर मोठ्या डॉक्टरांना पाठवा."

डॉ. सिग्ने यांचा चेहरा लाल झाला. त्या पलंगापासून चार पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच योरिदकडे बघितले. योरिदची पाठ दाराकडे होती. त्या म्हणाल्या, "एगिल खाली आहे. तो सुटला की त्याला घेऊन येते. तोवर दहा मिनिटांनी मी परत डोकावते, चालेल?" मी दाराकडे बघितले. त्या बाहेर गेल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतले.

दहा मिनिटांनी त्या आल्या नाहीत. शेजारच्या खोलीतून घंटा वाजली होती व त्या तिकडे धावल्या होत्या, असे मला नंतर कागदावरून कळले.

१३.२० वाजता बाळ रडू लागले. मी म्हणालो, "योरिद, भूक लागली वाटतं हिला." तिने उत्तर दिले नाही. मी खांद्याला हात लावला. मग पांघरूण काढले. पहिले काढले, मग दुसरे.

मी घंटा दाबली व ओरडलो. सगळ्यांत आधी डॉ. सिग्ने आल्या, तुर्दिस त्यांच्या मागून. डॉ. सिग्ने पलंगावर गुडघा टेकवून चढल्या आणि दोन्ही हातांनी पोट दाबून धरले. त्या मोठ्याने औषधांची नावे घेत होत्या, कोणी काय आणायचे ते सांगत होत्या. त्यावेळी त्यांचा हात थरथरत नव्हता. पलंग ढकलत बाहेर नेला तेव्हाही त्या पलंगावरच होत्या, हात सोडला नव्हता. मी बाळाला घेऊन भिंतीला लागून उभा होतो. त्यांनी जाताना माझ्याकडे बघितले.

शस्त्रक्रियागृहात डॉ. होल्टे आले. गर्भाशय काढले. रुग्णालयात होते तेवढे रक्त दिले, मग आणखी मागवले. योरिद १६.०५ वाजता मयत झाली. हे मला डॉ. होल्टे आणि डॉ. सिग्ने या दोघांनी येऊन सांगितले. डॉ. होल्टे बोलले. डॉ. सिग्ने यांच्या पायात मोजे नव्हते, फक्त बूट होते. मी तेव्हा ते का पाहिले ते सांगता येत नाही.

रुग्णालयाने नियमाप्रमाणे स्वतःच पोलिसांना कळवले. दि. १३ मार्च रोजी दुपारी आपल्या ठाण्याचे दोन अधिकारी माझ्या घरी आले. त्यांनी चांगल्या शब्दांत विचारपूस केली. त्यांचा एक प्रश्न असा होता, की १२.२० ते १३.२० या वेळात खोलीत कोणी आले होते का? मी उत्तर दिले, "दार उघडल्यासारखं वाटलं. आत कोणी आलं नाही."

हे उत्तर खोटे आहे.

तसे का सांगितले असे विचारल्यावरून सांगतो, की सासूबाई त्यावेळी स्वयंपाकघरात होत्या आणि मधले दार उघडे होते.

त्यानंतर बेटावर बोलणे सुरू झाले. सासूबाईंनी एप्रिलमध्ये तक्रार अर्ज दिला. त्यात त्यांनी लिहिले, की त्यांच्या मुलीवर प्रयोग करण्यात आला आणि मग तिच्याकडे तासभर कोणी फिरकले नाही. अर्जावर मीही सही केली. बोटीवर लोक मला गाठून म्हणत, "ती शिकाऊ ना? तिला सोडू नको." दुकानातली बाई पिशवीत जास्तीची बिस्किटे टाकून म्हणे, "अशा पोरींच्या हातात कात्री तरी कशी देतात!" मी त्यांना हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. आठ महिने मी असाच राहिलो.

दि. २१ ऑक्टोबर रोजी चौकशीचा अहवाल टपालाने आला. मी तो बोटीवर, इंजिनाच्या खोलीत वाचला. त्यात सर्वांची म्हणणी जोडलेली होती. डॉ. सिग्ने यांच्या म्हणण्यातली तीन वाक्ये मी येथे तशीच सांगतो, मला पाठ आहेत. "१२.५५ वाजता मी खोलीत गेले. रुग्ण झोपलेली दिसली म्हणून तपासणी पुढे ढकलली. हा निर्णय सर्वस्वी माझा होता."

माझा उल्लेख कुठेही नव्हता. चौकशी करणाऱ्यांनी त्यांना विचारले होते, की तपासणीला कोणी अडवले का? त्यांनी लिहून दिले होते, "नाही."

त्याच्या पुढच्या पानावर बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांचे मत होते. मुलगी काढताना आणि टाके घालताना काहीही चुकलेले नाही. शिकणाऱ्याने केले म्हणून काही बिघडले असे कुठेही दिसत नाही. १२.५५ वाजता पोट तपासले असते तर रक्तस्राव त्याच वेळी लक्षात आला असता आणि रुग्ण बहुधा वाचली असती. दोष डॉ. सिग्ने ब्रेवोल यांच्यावर ठेवण्यात आला होता. त्यांनी शिक्षण सोडल्याची नोंद होती.

बोट त्यावेळी स्कार्वोयला लागत होती. मला वरून दोनदा हाक मारावी लागली, असे कप्तान सांगतात.

डॉ. सिग्ने कुठे आहेत हे मी सुईण तुर्दिस यांना फोन करून विचारले. त्या आधी सांगेनात. म्हणाल्या, "हाल्वार, त्या पोरीला आता सोड रे. काय उरलंय तिचं?" मी म्हणालो, भांडायला जात नाही. तेव्हा त्यांनी सांगितले. शुक्रवार दि. १ नोव्हेंबर रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी पुढच्या खाडीवरच्या वृद्धाश्रमात गेलो. तिथे डॉ. सिग्ने मदतनीस म्हणून काम करतात. डॉक्टर म्हणून नाही. म्हाताऱ्यांना उठवणे, भरवणे, केस विंचरणे असे ते काम आहे.

मी पोचलो तेव्हा त्या एका खोलीच्या दाराशी ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दार वाजवले आणि थांबल्या. पुन्हा वाजवले, पुन्हा थांबल्या. ट्रेमधली खीर गार होत असावी. मागून एक परिचारिका आली आणि म्हणाली, "सिग्ने, अगं त्याला ऐकू येत नाही हे तुला रोज सांगायचं का? जा आत सरळ." तरी त्या गेल्या नाहीत. परिचारिकेने दार उघडून दिले तेव्हा गेल्या.

हे मी लांबून पाहिले. आज मी येथे आहे ते त्यामुळे आहे.

त्यांनी मला पाहिल्यावर ट्रे खाली ठेवला. आम्ही जेवणाच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो. बोलणे झाले ते असे.

त्या म्हणाल्या, "बाळ कसं आहे?"

मी म्हणालो, "दोन दात आलेत." मग म्हणालो, "तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही बोटीवर काम करता. तुम्हाला काय माहीत पांघरुणाखाली काय असतं? मला माहीत होतं. ते बघणं माझं काम होतं."

"मी तुम्हाला हाकललं."

"हो. आणि मी गेले." मग त्या म्हणाल्या, "पहिल्याच वर्षी एगिलने शिकवलं होतं. घरच्यांनी खोलीबाहेर काढलं तर आपण जायचं नाही, घरच्यांना बाहेर काढायचं. रागावतील, तक्रार करतील, करू दे. मी वहीत लिहून ठेवलं होतं. अधोरेखित केलं होतं. मला अजून दोन वर्षं मिळाली असती ना, तर मी तुम्हाला दंडाला धरून बाहेर ठेवलं असतं. त्या दिवशी मला ते येत नव्हतं. ते टाके मी दोनदा घातले, म्हणून मला तुमच्याकडे बघायचीच लाज वाटत होती."

मी म्हणालो, "टाके बरोबर होते. अहवालात लिहिलंय."

"दुसऱ्यांदा बरोबर होते."

मी विचारले, "एगिल होल्टेंना तरी सांगितलंत का?"

"त्याने तीनदा विचारलं, कोणी अडवलं का म्हणून. मी नाही म्हणाले. त्याला पटलं नाही. तो म्हणाला, सिग्ने, तू खोटं बोलायलाही नीट शिकली नाहीस." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "अहवाल कायमचा राहतो. तुमची मुलगी अठरा वर्षांची झाली की मागवून वाचेल. माझ्या ओळखीच्या मुलींनी वाचलेत. तिला आई नाहीच आहे. कागदावरून तिचा बापही मी का काढून घेऊ?"



त्या पुढे म्हणाल्या, "पोलिसांकडे जाऊ नका. मला परत जायचंच नाहीये. इथे बरं आहे. इथे माझ्या हातून कोणी मरत नाही, आपलं आपण मरतात."

कोणीतरी त्यांना हाक मारली. त्या उठल्या. जाताना त्यांनी माझ्या कोटाची बाही ओढून सरळ केली, जशी त्या तिथल्या म्हाताऱ्यांची करत असाव्यात, आणि लगेच हात मागे घेतला.

मधले दिवस काय केले असे विचारल्यावरून सांगतो, की बोटीवर ड्युटी केली.

काल बुधवारी दुपारी मी सासूबाईंना सांगितले. त्या मुलीला लापशी भरवत होत्या. मी उभ्यानेच सांगितले, सगळे, १२.५५ चे शब्द धरून. त्यांनी मध्ये बोलणे तोडले नाही. मुलीचे तोंड पुसले. मग म्हणाल्या, "चमचा धर." मी धरला. त्या कोट न घालता बाहेर गेल्या. धक्क्यापर्यंत जाऊन उभ्या राहिलेल्या मला खिडकीतून दिसत होत्या. दोनची बोट आली, गेली. सव्वातीनला त्या परत आल्या. त्यांचे हात गारठले होते.

त्या म्हणाल्या, "फोनवर योरिद मला म्हणाली होती, की ती डॉक्टर पोरगी गुणी आहे, थोडी घाबरट आहे पण जमेल तिला. मी ते आठ महिने कोणाला सांगितलं नाही. आठवायचंच नव्हतं मला."

मी म्हणालो, "तुम्हाला तुमच्या घरी जायचं असेल तर..."

त्या म्हणाल्या, "मूर्खासारखं बोलू नको. उद्या सकाळच्या बोटीने ठाण्यात जा. तिला मी बघते." मग त्या मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि काल उरलेला दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आज सकाळी मी निघालो तेव्हा टेबलावर माझा डबा भरलेला होता. त्यांनी आपला एप्रिलचा तक्रार अर्ज मागे घेत असल्याची चिठ्ठी दिली आहे. ती सोबत जोडली आहे.

डॉ. होल्टे यांना मी आज सकाळी बोटीवरून फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सिग्नेला मी सांगू का?" मी म्हणालो, आधी लिहून तर होऊ दे. ते म्हणाले, "तिची जागा मी अजून भरलेली नाही. वरचे लोक रोज विचारतात."

डॉ. सिग्ने यांना मी आज येथे आल्याचे माहीत नाही.

पोलिसांना खोटे उत्तर देणे हा गुन्हा आहे आणि त्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, हे अधिकारी बेरित सौरा यांनी मला दोनदा समजावून सांगितले. वकील बोलावण्याबाबत विचारले. मी नको म्हणालो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. या जबाबाची प्रत चौकशी कार्यालयाला आणि रुग्णालयाला पाठवावी. डॉ. सिग्ने ब्रेवोल यांना शिक्षणात परत घ्यावे अशी मागणी करण्याचा मला अधिकार नाही, असे मला सांगण्यात आले. तरीही मी ती करत आहे आणि ती लिहून घ्यावी.

मुलगी मोठी झाल्यावर मागवून वाचू शकेल त्या फायलीतही ही प्रत राहील का, असे मी विचारले. राहील, असे सांगण्यात आले. तशी ती राहू द्यावी.

अधिकारी सौरा यांनी हा जबाब मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. १३.२० च्या परिच्छेदाशी मी त्यांना थांबायला सांगितले. तिथे काही चुकलेले नव्हते. त्यांनी पाणी दिले आणि वाट पाहिली. मग उरलेले वाचले. सर्व मी सांगितले तसेच लिहिलेले आहे.

(सही) हाल्वार तेनविक

समक्ष,
(सही) बेरित सौरा, पोलीस अधिकारी
वेळ दुपारी १२.४०